सरांनी पारखलेली माणसं

माणूस गेला की त्याच्याबद्दल गोड लिहायची आपल्याकडे रीत आहे. आमचे सर काही गेलेले नाहीत. रोज संध्याकाळी खाली ओट्यावर बसलेले दिसतात, खोकतात, येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून गुडघ्याचं विचारतात. त्यामुळे गोड लिहायचं माझ्यावर काही बंधन नाही. मी त्यांच्या माडीवर भाड्याने राहते, मुलांची लग्नं इथूनच केली, आणि इतक्या वर्षांत या माणसाचा जितका राग आला तितका माझ्या सासूचाही आला नाही. आता तो राग कागदावर उतरवते. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, बोलते तसंच लिहिणार, सांभाळून घ्या.

माझ्या यजमानांची मेहकरच्या डेपोत बदली झाली तेव्हा आम्ही खोली बघायला सरांकडे आलो. सर शाळेत गणित शिकवत. घरमालक जे विचारतो त्यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. पगार किती, माणसं किती, मटण खाता का, पाणी किती लागतं, काही नाही. म्हणाले, "तीन पत्ती येते काय?" माझे यजमान माझ्याकडे बघायला लागले. काखेत लेकरू, हातात पिशवी, मी काय सांगणार? सरांनी साबणाने हात धुतले, पत्ते काढले, आणि ओट्यावर दोघं खेळायला बसले. यजमानांनी पहिला डाव अर्ध्यातच सोडला, दुसरा सोडला, तिसराही सोडला. सरांनी चाबी काढून पुढे ठेवली. माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, दम नसन तिथं हा माणूस जागा अडवत नाई. असा भाडेकरू शोधून भेटत नाई."

मला त्या दिवशी किती बरं वाटलं होतं. वाटलं, काय जाणता माणूस भेटला.

ज्यांनी कधी पत्ते हातात धरले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. तीन पत्तीत प्रत्येकाला तीन पानं मिळतात. पानं न बघता खेळलं तर ब्लाइंड, बघून खेळलं तर चाल. आपल्याला परवडत नाही असं वाटलं की पानं पालथी ठेवायची आणि "पॅक" म्हणायचं, म्हणजे त्या डावातून बाहेर. शेवटी दोघं उरले की पानं दाखवायची. तीन एक्के म्हणजे सगळ्यांत वरचं, त्याच्यावर काही नाही. पोरांनी मला मोबाइलमध्ये तो परदेशातला पोकर दाखवला, गोल टेबल, काळे चष्मे लावून बसलेली माणसं. तेही हेच करतात, एकमेकांची तोंडं वाचतात. आमच्या सरांनी ते टेबल कधी पाहिलं नसेल, पण काळा चष्मा सोडला तर बाकी सगळं त्यांच्याजवळ होतं.

सरांचं टेबल म्हणजे शाळेच्या लिलावातून आणलेलं, पाय कापून बुटकं केलेलं. पैसा लावायला सक्त मनाई. पैशाच्या जागी चिंचोके, तेही भाजून, तेलाच्या फडक्याने पुसून चकचकीत केलेले. बसायच्या आधी हात साबणाने धुवायचे. पानं हातात असताना खेळाशिवाय एक शब्द बोलायचा नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम असा की कुणी पालथी ठेवलेली पानं दुसऱ्याने उलटून बघायची नाहीत. एकदा गल्लीतल्या कंपाउंडरने सहज एक पान उचकटून पाहिलं तर सरांनी त्याला महिनाभर ओटा चढू दिला नाही. म्हणाले, "माणसानं जे टाकलं ते त्याचं. तुमी काऊन हात घालता?"

हा नियम लक्षात ठेवा. पुढे तो कुणी मोडला ते सांगते.

खेळापुरतं असतं तर मला काय करायचं होतं? कुणी भजन करतं, कुणी पत्ते खेळतं. पण सरांचं म्हणणं होतं की माणूस तोंडाने खोटं बोलतो, पत्त्याने बोलत नाही. डावात जसा वागला तसा जन्मभर वागणार. आणि या हिशोबाने त्यांनी अख्ख्या गल्लीला नावं ठेवली होती. दूधवाला न बघता खेळायचा म्हणून तो "ब्लाइंड". कंपाउंडर हातात काही नसताना छाती काढून चाल द्यायचा म्हणून तो "फुगा". आणि माझे यजमान "पॅकराव". भर रस्त्यात हाक मारायचे, "ओ पॅकराव, भाजी आणली काय?" माझ्या पोरांना शाळेत पोरं पॅकरावची म्हणून चिडवत. मी एकदा खाली जाऊन सांगितलं की सर, घरी लेकरं ऐकून राह्यली. तर म्हणाले, "बाई, मी शिवी देली काय? मी त्यायचा स्वभाव सांगतला."

दाढ सुजली तरी हा माणूस दातांच्या नव्या डॉक्टरकडे जाईना. का, तर तो डॉक्टर एकदा ओट्यावर खेळून गेला होता आणि प्रत्येक डाव शेवटपर्यंत ओढत नेत होता. "ज्याले सोडाचं कधी हे समजत नाई त्याच्या हातात मी मायी दाढ देऊ?" असं म्हणून लवंग चावत बसले, गाल इडलीसारखा झाला. आम्ही हसलो तेव्हा. हसण्यासारखंच होतं. माणसाचं वेड त्याच्या स्वतःच्या दाढेपुरतं असतं तोवर हसायला काय जातं?

चांगलं काही नव्हतं का? होतं. मी खोटं लिहिणार नाही. गल्लीतल्या पोरांना गणित फुकट शिकवलं. शिलाई शिकताना मला माप घेऊन कापडाचा हिशोब लावता येईना, तर त्यांनी खडूने जमिनीवर बाही काढून मापाचं गणित समजावलं. आज माझं ब्लाऊज कुठे ओढत नाही ते त्यांच्यामुळे. बायको लवकर गेली, पोरगी लहान होती, त्यांनी स्वतः वेणीफणी करून तिला शाळेत नेलं. हे सगळं खरं. पण एवढं चांगलं करणाऱ्याने एवढं वाईट करावं, हे मला जास्त लागतं. वाईट माणसाने केलं असतं तर मी चार शिव्या दिल्या असत्या आणि मोकळी झाले असते.

पोरीचं नाव वैशाली. आम्ही आलो तेव्हा फ्रॉकात होती. माझ्या मशीनजवळ बसून चिंध्यांच्या बाहुल्या करायची. मला काकू म्हणते. मोठी झाली, बालवाडीत शिकवायला लागली, आणि लग्नाचं निघालं.

आपल्याकडे मुलगा मुलीला बघायला येतो. पोहे, चहा, स्वयंपाक येतो का, गाणं येतं का. सर म्हणाले, आमच्याकडे उलटं होईल. मुलीची काही परीक्षा नाही, तिने आत बसावं. मुलाने ओट्यावर यावं, हात धुवावे आणि डाव खेळावा. ऐकून मला गंमत वाटली, थोडा अभिमानही वाटला. म्हटलं, कुठे तरी मुलाची परीक्षा होतेय.

पहिला आला तो चिखलीचा मास्तर. पानं बघायचा, खाली ठेवायचा, परत कोपरा उचलून बघायचा. सर म्हणाले, याचा स्वतःच्या हातावर भरवसा नाही, बायकोवर कुठून ठेवणार? नापास. दुसरा देऊळगाव राजाकडचा, तो न बघताच मूठमूठ चिंचोके टाकायचा, हसायचा, हरला तरी हसायचा. उधळ्या, नापास. तिसरा एक एक चिंचोका बोटाने सरकवायचा आणि जिंकलेल्या चिंचोक्यांचे सारखे ढीग लावायचा. "हा बायकोले मीठ बी चिमटीनं देईन." नापास. चौथ्याने तर सरांनाच चकवलं. हातात दुरी, तिरी, पंजा, काही म्हणजे काही नाही, आणि असा शांत बसून चाल देत राहिला की सरांनी चांगली जोडी टाकून दिली. नंतर त्याने आपली पानं स्वतःच उलटून दाखवली. मला वाटलं, हा तरी पास. सर म्हणाले, लबाड आहे, तोंडावरची माशी हलली नाही.

मी विचारलं, "सर, जो हरते तो उधळ्या, जो जिंकते तो लबाड. मंग पास होनारा पोट्टा खेळन तरी कसा?"

तर म्हणाले, "तो खेळला की मले समजन."

आता त्यांची बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल बाई एकतर्फी बोलते. सरांना एक धाकटी बहीण होती. तिला चांगलं स्थळ बघून दिलं होतं, मुलगा गोड बोलणारा, नोकरीवाला. त्याने तिला इतकं मारलं की ती एका कानाने बहिरी होऊन माहेरी आली आणि तशीच माहेरी संपली. त्याच जावयासोबत लग्नाच्या आधी एका डावाला सर बसले होते. तेव्हा त्याने हरल्यावर पानं चुरगाळली होती. सर म्हणायचे, तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं, मी पाहून न पाहिल्यासारखं केलं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, ओट्यावर, चिंचोके पुसत पुसत. मला रडू आलं होतं.

दुःख होतं, मान्य. पण आपल्या दुःखाचं मोल दुसऱ्याला किती दिवस भरायला लावायचं याला काही माप असतं की नाही? कापडाचं माप शिकवणाऱ्या माणसाला एवढं कळू नये?

मग आला किशोर. सुलतानपूरचा. तो स्थळ म्हणून आलाच नव्हता. कॉम्प्युटरच्या क्लासात वैशालीची ओळख झालेली. पंप आणि स्प्रिंकलर दुरुस्तीचं काम शिकला होता, हाताला कायम ग्रीसचा वास. बोलायला कमी. एकदा माझ्याकडे वैशालीला निरोप द्यायला आला तर माझ्या मशीनचा पट्टा सैल झालेला त्याने न विचारता नीट करून दिला. पोरीचा जीव त्याच्यावर होता. माप द्यायला म्हणून वर यायची आणि तासभर त्याचंच बोलायची. मी तिला इतकं हसताना आधी पाहिलं नव्हतं, नंतर तर नाहीच.

तिने मला आधी सांगितलं होतं. "काकू, मी त्याले सांगून ठेवलं, बाबाले जिकू देजो. मागच्यानं जिकलं तर त्याले लबाड म्हनलं." मला ते शहाणपणाचं वाटलं. अजूनही वाटतं. सासऱ्यासमोर नमतं घ्यायला सांगणारी पोरगी चुकली, असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही.

तर किशोर आला. हात धुतले, ग्रीस जाईपर्यंत धुतले. सर, माझे यजमान, कंपाउंडर आणि तो. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले होते, वैशाली दाराच्या आत. पहिले डाव इकडे तिकडे गेले. मग एका डावात माझ्या यजमानांनी नेहमीप्रमाणे पॅक केलं, कंपाउंडरनेही केलं. सर आणि किशोर उरले. सर ब्लाइंड खेळत होते, पानं पालथीच. किशोरने पानं उचलून पाहिली. तोंडावर काही दिसलं नाही. एक चाल दिली, सरांनी वाढवलं. परत चाल दिली, सरांनी परत वाढवलं. मग सरांनी समोरचे सगळे चिंचोके दोन्ही हातांनी लोटून मध्ये घातले. किशोरने एकदा दाराकडे पाहिलं आणि पानं पालथी ठेवली. पॅक.

सरांनी आपली पानं उलटली. सत्ता, नव्वी, राणी. कवडीचंही नाही. तेवढ्यावर जिंकले म्हणून खूष झाले, चिंचोके ओढायला लागले. आणि मग काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी हात लांब करून किशोरची पानं उलटली. स्वतःचा नियम स्वतः मोडला.

तीन एक्के.

कंपाउंडरच्या तोंडून शीळ निघाली. सरांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"काऊन टाकले?"

किशोर खाली पडलेले चिंचोके वेचायला लागला. पोराला वाटलं असेल, खरं सांगितलं तर पोरीवर येईल. वैशाली चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. ट्रे टेबलावर, पत्त्यांच्याच वर ठेवला. म्हणाली, "बाबा, मी सांगतलं होतं त्याले. तुमाले जिकू दे म्हनून."

दुसऱ्या कुठल्याही बापाने इथे हसून पोराच्या पाठीवर थाप मारली असती. सरांनी ट्रेखालचे पत्ते ओढून काढले, चहा सांडला. म्हणाले, "म्हंजे ज्याच्या हातात सगळ्यात मोठं पान आहे, ते हा कोनी सांगतलं म्हनून टाकून देते. आज तू सांगतलं. उद्या याची माय सांगन. सांगनारा बदलला का हा तुले बी असंच पालथं ठेवन अन् उठून जाईन."

मी पायरीवरून उठले. म्हटलं, "सर, तुमच्यासाठीच टाकले नं त्यानं. तुमचा मान राखला. याच्याहून चांगला जावई कोठून आनसान?"

"मले भीक नाई पाह्यजे, बाई."

तिथे मला कळलं. पोरीचं काही नव्हतं त्यात. बहिणीचंही नव्हतं. कालच्या पोराने आपल्याला जिंकू दिलं आणि आपल्याला ते ओळखता आलं नाही, हे त्यांना झोंबलं होतं. जन्मभर माणसं ओळखल्याचा तोरा मिरवला आणि समोर तीन एक्के धरून बसलेला पोरगा दिसला नाही.

किशोरने उठताना सरांच्या पाया पडायला हात पुढे केला. सरांनी पाय मागे घेतले.

माझे यजमान तसे कमी बोलणारे. त्या दिवशी वर आले आणि जेवता जेवता म्हणाले, "मी बी किती डाव टाकले असे. एकदा बादशहाची तिरकुट होती मायाजवळ, तिन्ही बादशहा." मी विचारलं, का टाकले? तर म्हणाले, "घरमालक होये नं तो. त्याले हरवून मी कोठं राहू?" हा माणूस घरी पोरांशी खेळताना अशा काही चाली वाढवायचा की पोरं रडायची. आणि खाली त्याचं नाव पॅकराव. म्हणजे बघा. कंपाउंडरला आपली पोरं फुकट शिकवून घ्यायची होती. आलेल्या मुलांना मुलगी पाहिजे होती. त्या टेबलावर एकही माणूस आपल्या स्वभावाने खेळत नव्हता, सगळे सरांच्या समोर बसल्यासारखे खेळत होते. आणि सर त्यावरून त्यांचे जन्म वाचत होते! गणिताचे मास्तर ना तुम्ही? मांडणीच चुकली तर उत्तर कुठून बरोबर येणार, हे पोरांना रोज फळ्यावर कोण सांगत होतं?

किशोरच्या घरची माणसं नंतर दोनदा येऊन गेली. म्हातारा बाप बिचारा टोपी हातात घेऊन उभा राहिला. सर भांडले नाहीत, आरडाओरडा नाही. समोर एकट्याने पत्ते मांडत राहिले आणि नाही म्हणाले. मी वैशालीला म्हटलं, पोरी, जा निघून, मी येते संगं, साक्षीदार म्हणून सही करते. ती म्हणाली, "बाबाची मी एकटीच आहो काकू." बापाने वेणीफणी केलेली पोरगी. तिला जाता आलं नाही. मी तिला दोष देत नाही. दोष कुणाचा ते मी पहिल्या ओळीपासून सांगतेच आहे.

किशोरने वाट पाहिली, मग त्याचं लग्न झालं. साखरखेर्ड्याला दुकान टाकलं. एकदा मी बाजाराच्या दिवशी तिकडे बहिणीकडे गेले होते, तर हाक मारून आला, लेकरू कडेवर. पाया पडला. चहा पाजला. वैशालीचं नाव काही काढलं नाही. मी निघताना फक्त म्हणाला, "काकू, मशीन चांगली चालते नं?" मी हो म्हटलं आणि गाडीत बसून सगळ्या रस्त्याने डोळे पुसले.

इकडे गावोगाव झालं की मेहकरला एक मास्तर आहे, मुलाला पत्ते खेळायला बसवतो आणि नापास करतो. कोण येणार? स्थळं बंद झाली. वैशाली तिशीची झाली, मग पस्तिशीची. बालवाडीत दुसऱ्यांच्या पोरांचे शेंबूड पुसत राहिली. संध्याकाळी बापासमोर चहा ठेवायची. ओट्यावर हसण्याखिदळण्याचे आवाज यायचे आणि मी वर मशीन जोरजोरात चालवायची, ऐकू येऊ नये म्हणून. माझे यजमान तर त्या दिवसानंतर ओट्यावर बसलेच नाहीत. सर विचारत, पॅकराव काऊन येत नाही? मी सांगायची, त्यांनी शेवटचं पॅक केलं. सरांना ते समजलं नाही, किंवा समजून घेतलं नाही.

आणि वर तोंड करून लोकांना सांगायचे, पोरीला योग्य माणूसच भेटत नाही हो, काय करावं.

मागच्या वर्षी वैशाली वर आली. केसांत पांढरे दिसायला लागलेत तिच्या. म्हणाली, काकू, उद्या शेगावचे एक जण येणार आहेत, तुम्ही खाली या. देवाच्या तसबिरींना फ्रेम करून विकायचं त्यांचं दुकान, मंदिराच्या रस्त्याला. आजारी आईचं करता करता लग्न राहून गेलेलं. बालवाडीत लावायला तसबीर घ्यायला ती गेली होती, तिथे ओळख झाली.

आले ते. साधा माणूस, पांढरा शर्ट, बोटांना काचेचे बारीक ओरखडे. सरांचं वय झालेलं, पण उठले, साबणाने हात धुतले, डबा उघडून पत्ते काढले. पाहुणे म्हणाले, "मले पत्ते येत नाईत."

"शिकवतो नं. सोपं आहे."

"नाई शिकत मी. माफ करा."

सरांचे हात पत्त्यांवर तसेच राहिले. म्हणाले, "खेळले नाई तर तुमी कसे आहा ते समजन कसं?"

आजवर वैशाली कधी त्या टेबलाशी बसली नव्हती. त्या दिवशी ती येऊन पाहुण्यांच्या शेजारी बसली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "बाबा, यायले पत्ते येत नाईत हे इचारूनच मी यायले बोलावलं. मले समजले ते. तारीख ठरली. तुमी या."

मला वाटलं सर आता उठून जातील, नाहीतर छातीला हात लावतील. तसं काही झालं नाही. पत्ते गोळा करून डब्यात ठेवले आणि पाहुण्यांना विचारलं, शेगावला सध्या ऊन कसं आहे.

लग्न शेगावलाच झालं, थोड्या माणसांत. मी तिचं ब्लाऊज शिवलं, मोतिया रंगाचं. सर कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले, पुढच्या खुर्चीवर बसले. आणि माझ्या या कानांनी मी ऐकलं. वराकडच्या एका म्हाताऱ्याला सांगत होते, "मी किती पोट्टे पारखले, पाहुणे, तुमाले सांगतो. ज्याले पत्त्याचा नादच नाई असाच पाह्यजे होता मले. थांबलो, पन घाई केली नाई."

थांबलो म्हणे! कोण थांबलं होतं? माझ्या हातात अक्षता होत्या म्हणून बरं, दुसरं काही असतं तर फेकून मारलं असतं. माझी सून माझा पदर ओढत होती, आई, आज नको. त्या दिवशी गप्प बसले ते फक्त पोरीच्या तोंडाकडे बघून. ती छान दिसत होती. उशिरा फुललेलं असं काही मी म्हणणार नाही, तसलं लोकांनी म्हणावं. माझ्या डोळ्यांसमोर तिची मधली सगळी वर्षं होती, ती तिला कोण आणून देणार?

आता खाली सर एकटे असतात. कंपाउंडर मुलाकडे पुण्याला गेला, दूधवाला वारला. वैशालीने जाताना माझे हात धरून सांगितलं, काकू, बाबाचं जेवण बघा. म्हणून दोन्ही वेळचा डबा मी खाली देते. देते आणि बोलत नाही. त्यांना वाटतं माझे कान गेले.

मागच्या आठवड्यात डबा द्यायला गेले तर टेबलावर पत्ते मांडून बसले होते. म्हणाले, "बसा बाई, एक डाव. तुमी कशा खेळता ते मी कधी पाह्यलंच नाई."

मी उभीच राहिले. म्हटलं, "सर, तो सुलतानपूरचा पोट्टा होता, त्याचं नाव काय होतं?"

"कोनता?"

"वैशालीसाठी आला होता तो. पंप दुरुस्त करनारा."

त्यांनी चष्मा काढला, डोळे मिटले. खरंच आठवत होते, नाटक नव्हतं. कपाळाला आठ्या घालून कितीतरी वेळ आठवत बसले. मग डोळे उघडले, आणि चेहरा उजळला.

"इस्पिकचा एक्का होता त्याच्याजवळ. बदामचा, अन् चौकटचा. किलवरचा नव्हता." मग चष्मा परत लावला. "नाव नाई येऊन राह्यलं वो."

मी नाव सांगितलं नाही. डबा ठेवला आणि जिना चढून वर आले.